भिंतीवरचा अखेरचा हात

इतिहासकार किल्ल्याचे बुरूज मोजतो, तटाची उंची लिहितो, वेढा किती दिवस चालला आणि किल्लेदार कोणास फितूर झाला याची बारकाईने चौकशी करतो. परंतु त्या तटाच्या आतील दालनांत भिंत गुळगुळीत कोणी केली आणि कशाने केली, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला चौदाव्या शतकापासून बहामनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि मराठे अशा अनेक हातांतून गेला, चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून दिला गेला, आणि मे १८१८ मध्ये मन्रोने तो घेतला, इतके येथील कोणीही जाणता माणूस सांगू शकेल. पण भिंतीस राजवट कळत नाही. तिला कळतो तो तिच्यावर सर्वांच्या शेवटी फिरलेला हात, आणि त्या हातातील हत्यार. हे हत्यार लाकडाचे होते की लोखंडाचे, जाड होते की पातळ, यावर त्या भिंतीचे आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. गिलाव्यास अखेरचा हात देण्याच्या या हत्याराची निवड हा आमच्या मते इतिहासाचाच विषय आहे; आणि सोलापूरच्या जुन्या पेठांतील घरांची आज जी दुरुस्ती चालली आहे ती पाहता तो निव्वळ कुतूहलाचा विषयही राहिलेला नाही.

प्रथम नावांकडे पाहू, कारण सोलापुरात नावे फार बोलकी आहेत. हे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांचे गाव. येथील गवंड्याच्या पिशवीत हात घातला तर अर्ध्या हिंदुस्थानचा इतिहास हाताला लागतो. मराठी गवंडी ज्या हत्यारास थापी म्हणतो त्यास तेलुगू भाषेत तापी म्हणतात आणि गवंड्याला तापी मेस्त्री. त्याच हत्याराचे दुसरे नाव करणी. कानडीत आणि तमिळमध्ये तिच्याच जवळची नावे आहेत. (मराठी घरात 'गवंड्याने करणी केली' असे म्हटल्यास निराळाच अर्थ होईल, हा भाग वेगळा.) मेस्त्री हा शब्द पोर्तुगिजांनी दिला, आणि घमेलेही बहुधा त्यांच्याच जहाजातून उतरले. ओळंबा मात्र घरचा, संस्कृत अवलंबापासून निघालेला. गिलावा या शब्दाच्या पोटात फारसी 'गिल' म्हणजे चिखलमाती आहे. आणि गिलाव्यास झिलई देण्याची जी चपटी पोलादी पट्टी, तिचे नाव गुरमाळा. फारसीत 'माला' म्हणजे माती सारखी करण्याचे हत्यार. गुरमाळा हा 'गिलमाला' याच शब्दाचा अपभ्रंश असावा असे आम्हांस वाटते. लाकडी फळीस मागे मूठ बसवून केलेला रंधा हा तिसरा. थापीने माल भिंतीवर मारावयाचा, रंध्याने तो घासून सारखा करावयाचा, आणि गुरमाळ्याने तो घोटावयाचा, अशी ही वाटणी आहे. यांपैकी शेवटचा हात कोणाचा असावा, रंध्याचा की गुरमाळ्याचा, येथेच खरा वाद आहे.

परंतु या तिघांच्याही आधी एक हत्यार होते, आणि ते म्हणजे बाईचा तळहात. आमच्याकडे गावाच्या दोन जमिनी सांगतात: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. या पांढऱ्या मातीचा गुण असा की ती पावसात काळीसारखी फुगत नाही व उन्हात तितकी तडकत नाही; म्हणून धाब्याच्या घरांवर तीच पसरावयाची आणि भिंतीसही तीच लावावयाची. पांढरी माती, शेण, भुसा किंवा काड यांचा काला करून तो हाताने लिंपावयाचा आणि ओल्या पंज्याने सारखा करावयाचा, हे काम दसरा-दिवाळीपूर्वी घरोघर स्त्रियाच करीत. पंजाचा गुण असा की तो भिंतीच्या उंचसखलाप्रमाणे वाकतो. भिंत जेथे पोटात गेली तेथे तो आत जातो, जेथे बाहेर आली तेथे तो मागे सरतो. त्यामुळे लेप सर्वत्र सारख्या जाडीचा बसतो आणि सारखाच वाळतो. भिंत ओळंब्यात येत नाही हे खरे. पण ती तडकतही नाही.

मातीच्या या लेपास हीन समजण्याचे कारण नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचे परीक्षण करून पुरातत्त्व खात्याचे सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ साली असे प्रसिद्ध केले की त्या मातीत भांगेच्या झाडाचा तंतुमय भाग कालवलेला होता, आणि तो गिलावा दीड हजार वर्षे टिकण्यास हे मिश्रण कारण झाले. अजिंठ्यास ही भांग आढळली नाही. तेथे गिलाव्यातील इतर वनस्पतींच्या काड्यांवर कीटकांनी ताव मारला व त्याबरोबर चित्रेही गेली. ज्या कारागिराने भांग निवडली त्याचे नाव कोठेही कोरलेले नाही.

मातीनंतर चुना. दख्खनच्या काळ्या जमिनीत कंकराचे गोटे ठिकठिकाणी सापडतात, तेव्हा या मुलुखात चुन्यासाठी फार लांब जावे लागत नसे. कंकर भट्टीत भाजावयाचा, त्याची कळी पाण्याने विरवावयाची, मग वाळू घालून घाणीत मळावयाची. ही घाणी म्हणजे दगडी चाक फिरण्यासाठी केलेला वाटोळा चर. बैल अथवा रेडा ते चाक ओढी, आणि चुना लोण्यासारखा होईपर्यंत ते थांबत नसे. त्यात कोणी गूळ घालीत, कोणी हिरड्याचे पाणी, कोणी बेलफळाचा गर, कोणी उडदाचे पीठ, कोणी ताग. अशा मालाचे अस्तर भिंतीवर चढले की ते लाकडी थापीने चोपीत, कारण चुना वाळताना आकसतो व त्यास बारीक चिरा पडतात. चोपल्याने त्या मिटतात. त्यानंतर लाकडी पाटा आणि रंधा. आणि सर्वांच्या वर, जेथे धन्याची ऐपत असे तेथे, बारीक गाळलेल्या चुन्याचा पातळ हात, म्हणजे नीरू. तो मात्र गारगोटीने घोटून आरशासारखा करावयाचा. मद्रासकडील चुनम आणि जयपूरकडील अराइश यांची कीर्ती याच घोटाईची आहे. येथून जवळच विजापुरास, जेथे गोलघुमट १६५६ साली पुरा झाला, चुन्याच्या कामाचे सामर्थ्य किती होते हे डोळ्यांनी पाहता येते.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या सबंध क्रमात, चोपण्यापासून घोटण्यापर्यंत, लोखंडास जवळजवळ स्थानच नाही. माल उचलून मारण्यापुरते लोखंड, आणि नंतर लाकूड व दगड. हे लोखंड महाग होते म्हणून नव्हे. ओल्या पांढऱ्या चुन्यावर साधे लोखंड जोराने घासले की काळपट ओरखडे उठतात, आणि ते मागाहून पुसले जात नाहीत, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. चुना घट्ट होतो तो हवेतील कार्बन वायू शोषून. ही क्रिया पृष्ठभागापासून आत सावकाश जाते आणि तिला महिनोन्महिने लागतात. लाकडाचा रंधा ओला माल घासताना त्याची तोंडे उघडी ठेवतो. वाळूचे कण वर दिसतात आणि हवा आत जाऊ शकते. घोटलेला नीरू हा अपवाद वाटेल, पण तो पातळ असतो आणि चुन्याचाच असतो, म्हणून भिंतीचा श्वास तोही कोंडीत नाही.

पश्चिमेकडेही ही विद्या होती. रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात वाळूच्या चुन्याचे तीन थर आणि त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर सांगितले आहेत, आणि ग्रीक कारागिरांच्या जुन्या भिंतींचे तुकडे कापून लोक त्यांची मेजे करीत असेही तो लिहितो. आपल्याकडील कोणा जुन्या वाड्याच्या भिंतीचे मेज कोणी केल्याचे ऐकिवात नाही; आपण त्या पाडून भराव म्हणून खड्ड्यात टाकतो.

आता लोखंडी गुरमाळ्याकडे येऊ. सोलापुरास आगगाडी १८६० साली पोचली आणि १८७७ साली येथील पहिली मोठी कापडगिरणी, जिला गाव अद्यापि जुनी गिरणी म्हणूनच ओळखते, सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, चाळी वाढल्या, तेलंगणातून विणकर आले. घर बांधणे हा सणासुदीच्या सवडीने करण्याचा उद्योग राहिला नाही. तो मुदतीत उरकावयाचा ठेका झाला. शेफील्ड आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील घडीव पोलादी हत्यारे त्या काळी साम्राज्यभर जात होती. चुन्याला मात्र घाई मानवत नाही. ती घाई मानवणारा पदार्थ निराळा होता. इंग्लंडात जोसेफ ॲस्प्डिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले होते. हिंदुस्थानात त्याचा पहिला प्रयत्न १९०४ साली मद्रासेस झाला, १९१४ साली पोरबंदरास ते व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले, आणि १९३६ साली दहा कंपन्या एकवटून असोसिएटेड सिमेंट कंपनी निघाली.

सिमेंट पाण्याच्या संयोगाने घट्ट होते, तेही काही तासांत. रंध्याने घासून सोडले तर ते खरखरीत राहते; पण ते किंचित आवळू लागताच त्यावर पोलादी गुरमाळा दाबून फिरवला तर ते काचेसारखे होते. ही चकाकी लोकांस भारी आवडली, आणि त्यात आश्चर्य नाही. शेणाच्या भिंतीस दरवर्षी हात लागत होता, चुन्याच्या भिंतीस सफेती लागत होती. इतकेच काय, १९४८ च्या कारखाने कायद्यानेही गिरणीच्या भिंतींस निदान दर चौदा महिन्यांनी सफेती देण्याचे बंधन घातले. तेथे ही सिमेंटची भिंत पुसली की झाली! परंतु सिमेंट पुष्कळ काळ दुर्मीळ होते. दुसऱ्या महायुद्धापासून त्यावर सरकारी नियंत्रण होते. परवान्यावाचून गोणी मिळत नसे, आणि १९८२ च्या जानेवारीत तर सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणावरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांस पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. तोवर सोलापूरच्या जुन्या पेठांत चुन्याचे काम जाणणारे गवंडी होते. पुढे त्यांचे काम आटले.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उगवली. किल्लारीचा भूकंप आमच्या शेजारच्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत झाला. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. त्या पहाटेची भीती अजून गेलेली नाही, आणि ती जावी असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या भीतीतून जो निष्कर्ष निघाला तो अर्धवट होता. भिंती पडल्या त्या दगड एकमेकांत नीट न गुंतवल्यामुळे, लांब दगडांचे बांध न घातल्यामुळे आणि छताच्या अतोनात ओझ्यामुळे. लोकांनी मात्र काय केले? जुन्या भिंतीस वरून सिमेंटचा गिलावा दिला, गुरमाळ्याने तो गुळगुळीत घोटला, आणि भिंत पक्की झाली असे मानले. बोटभर जाडीच्या थराने दोन हात रुंदीची भिंत पक्की होत नाही, हे सांगावयास इंजिनियर कशाला पाहिजे?

उलट, तिचे नुकसान मात्र होते. जुनी भिंत, मातीची असो वा चुन्याची, जमिनीतील ओल वर खेचते आणि ती दोन्ही अंगांनी हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा घोटीव थर बसला की ही वाट बंद होते. ओल आत राहते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साचून स्फटिक होतात, आणि ते स्फटिक वाढताना जुन्या चुन्याचे कण उखडतात. सिमेंटचा थर स्वतः घट्ट असतो. म्हणून तो कणाकणाने झडत नाही, तो पापुद्र्यासारखा एकसंध सुटतो, आणि सुटताना भिंतीची कातडी सोबत घेऊन जातो. उत्तर कसब्यातील आमच्या ओळखीच्या एका वाड्यात पाच वर्षांत हा प्रकार दोनदा घडला. दुसऱ्या वेळी ठेकेदाराने उपाय सुचवला तो असा, की या खेपेस सिमेंट अधिक घालू आणि वरून कोरडे सिमेंट भुरभुरून गुरमाळा जोराने मारू. रोग्यास ज्या औषधाने वांती झाली तेच औषध दुप्पट द्यावयाचे, असली ही वैद्यकी. वास्तविक नव्या भिंतीवरसुद्धा असे करू नये. सिमेंटवर गुरमाळा फार फिरवला की पाणी आणि बारीक सिमेंट वर येते, वाळू खाली राहते. वरचा हा श्रीमंत पापुद्रा खालच्यापेक्षा अधिक आकसतो, आणि काही आठवड्यांत भिंतीवर केसासारख्या चिरांचे जाळे उमटते. चांगला गवंडी हे जाणतो. पण घरमालक चकाकीचे पैसे देतो, आणि गवंडी चकाकी देतो.

तेव्हा हत्यार निवडावे कसे? आमचे उत्तर असे की भिंत पाहून निवडावे. दुकानातील झळाळी पाहून निवडू नये. मातीच्या भिंतीस हात किंवा लाकूड. चुन्याच्या भिंतीस लाकडी रंधा; घोटावयाचेच असेल तर गारगोटी, नाहीतर न गंजणाऱ्या पोलादाची पट्टी. हे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली काढले, आणि चुन्यावर काळे ओरखडे न उठवणारे धातूचे पाते त्यामुळे शक्य झाले. सिमेंटच्या भिंतीवर बाहेरच्या अंगास रंधाच बरा, कारण खरखरीत पृष्ठावर ऊन व पाऊस विखुरतो व पुढचा रंगही धरतो. आत गुरमाळा चालेल, पण तो माल आवळण्याच्या वेळी आणि मोजकाच.

गुरमाळा घेतानाही पाहण्यासारखे पुष्कळ असते. साधारण दहा ते बारा इंच लांब आणि चार-साडेचार इंच रुंद पाते बहुतेक कामास पुरते. त्याहून लांब पाते मोठी सपाट भिंत लवकर उरकते, परंतु नवशिक्याच्या हातात त्याची टोके मालात रुततात. पात्यावर मधोमध जो कणा असतो तो रिवेटांनी जोडलेला असतो. रिवेटांची डोकी पात्याच्या तोंडाशी अगदी सपाट घासलेली असावीत, एकही वर राहिले तर भिंतीवर त्याची रेघ उठते. पाते डोळ्यासमोर धरून उजेडाकडे कडेने पाहिले की ते पिळलेले आहे की सरळ हे कळते. टोक बोटाने दाबले तर ते लवावे आणि सोडताच जागी यावे. मुठीखाली चार बोटे सुखाने मावावीत, नाहीतर दिवसअखेर सांधे सोलले जातात. साधे पोलाद अधिक कणखर आणि स्वस्त, पण ते रोज धुऊन तेलाचा हात लावून ठेवावे लागते. आमच्याकडे ही शेवटची अट क्वचितच पाळली जाते. भारतीय मानक संस्थेने गिलाव्याच्या हत्यारांसाठी १६३० क्रमांकाचे मानक केले आहे आणि १९८४ साली ते सुधारले. पण बाजारात ते विचारून हत्यार घेणारा गवंडी आम्ही अद्यापि पाहिला नाही. तो घेतो ते हाताच्या अनुभवाने, आणि तो अनुभव बहुधा खरा ठरतो. जुना, वापरून कडा झिजलेला गुरमाळा तो दुसऱ्यास देत नाही, हेही योग्यच आहे. नव्या पात्याचे तीक्ष्ण कोपरे भिंतीवर रेघा ओढतात, झिजलेले ओढीत नाहीत. अमेरिकेतील कारखाने आता कडा मुद्दाम झिजवून, कोपरे गोल करून पाती विकतात. वर्षांचा सराव पेटीत घालून विकण्याची ही कल्पना त्या देशास शोभण्यासारखीच आहे.

अमेरिकेचे नाव निघालेच आहे तर कोरड्या भिंतीचा वृत्तान्तही सांगून टाकू. जिप्सम हा खनिज पदार्थ भाजून त्याची भुकटी पाण्यात कालवली की ती अर्ध्या घटकेत घट्ट होते; पॅरिसचे प्लास्टर ते हेच. ऑगस्टीन सॅकेट याने १८९४ साली कागदाच्या थरांमध्ये हे प्लास्टर भरून तक्ते करण्याचे पेटंट घेतले. १९०९ साली तो धंदा युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने विकत घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुशल कारागिरांची वाण पडली तेव्हा या तक्त्यांनी ओल्या गिलाव्यास हटवले. जी भिंत वाळण्यास आठवडे लागत ती दिवसांत उभी राहू लागली. येथे सबंध भिंत घोटावयाची नसते. घोटावयाची ती दोन तक्त्यांमधील सांध. तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून लुकण भरतात आणि प्रत्येक हात आधीच्याहून रुंद देत जातात. यासाठी जे पाते वापरतात ते किंचित वाकडे, आतून पोकळ असते. त्याने सांधेवर डोळ्यास न दिसणारा हलकासा उंचवटा राहतो आणि लुकण आकसले तरी तेथे खाच पडत नाही. म्हणजे ज्या गवंड्याने आयुष्यभर सपाट पात्यासाठी जीव टाकला त्याने येथे मुद्दाम वाकडे पाते मागून घ्यावयाचे! मागावर तुटलेला धागा सांधून गाठ कापडात दिसू न देणारा आमचा विणकर ही युक्ती चटकन समजेल.

असले तक्ते सोलापुरात कचेऱ्यांच्या आडभिंतींस आणि दुकानांच्या छतांस दिसतात. घरांत मात्र जिप्सम आले ते विटेच्या भिंतीवर ओल्या गिलाव्याच्या रूपाने. त्याचे कारण आमच्या मते सौंदर्य नव्हे. ते कारण पाणी होय. सिमेंटच्या गिलाव्यास निदान आठवडाभर पाणी मारावे लागते. भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि तेथून नळाने पाणी शहरात येते, तरी कित्येक वर्षे सोलापूरकरास रोज पाणी पाहावयास मिळालेले नाही. उन्हाळ्यात तर टँकरची वाट पाहणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांदेखत भिंतीवर पाण्याचा फवारा मारणे हे धाडसाचे काम. जिप्समला मुरवणीचे पाणी लागत नाही. ते पंधरा-वीस मिनिटांत आवळू लागते, म्हणून त्यास लांब पट्टी आणि पातळ, लवचीक, न गंजणारे पाते लागते. साध्या लोखंडाचा गंज त्या पांढऱ्या भिंतीवर डाग होऊन उमटतो. न्हाणीघरात आणि बाहेरच्या अंगास ते वापरू नये. त्याचप्रमाणे ओल धरणाऱ्या जुन्या भिंतीवरही ते वापरू नये, कारण पाण्याने जिप्सम मऊ पडते. हे दुकानदार सांगत नाही.

आता राहिली ती जुन्या पेठांतील घरे. पालिकेचे इंद्रभुवन, म्हणजे मूळचा अप्पासाहेब वारद यांचा वाडा, अशा नामांकित इमारतींची काळजी घेणारे कोणी ना कोणी निघते. परंतु साखर पेठेत, पाच्छा पेठेत, दोन्ही कसब्यांत जी बिननावाची घरे आहेत, त्यांच्या भिंतींचे भवितव्य घरमालक आणि गवंडी यांच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात ठरते. त्या दहा मिनिटांत घरमालकाने दोन गोष्टी कराव्या. ओल्या कोपऱ्यातील गिलाव्याचा एक तुकडा पाडून आत माती आहे, चुना आहे की सिमेंट आहे हे स्वतः पाहावे. आणि गवंड्याच्या पिशवीत लाकडी रंधा आहे की नाही ते पाहावे. रंधा तो बहुधा फळीच्या तुकड्यातून स्वतःच ठोकून घेतो, विकत घेत नाही. तेव्हा तो नसेल तर त्यास या कामाची सवय नाही असे समजण्यास हरकत नाही. चुन्याची घाणी आता शहरात नाही, तरी विरवलेला चुना मिळू शकतो, आणि दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरत ठेवला तर घाणीवाचूनही तो बऱ्यापैकी होतो.

मातीच्या भिंतींचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ते काम जाणणाऱ्या स्त्रिया अजून आहेत, खेड्यांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतही. परंतु त्या बांधकामावर येतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर घमेले असते. माती लिंपण्याचे काम हाताचे होते तोवर ते बाईचे होते आणि त्यास मजुरी नव्हती. हातात लोखंड आले त्या दिवसापासून ते पुरुषाचे झाले आणि त्यास मजुरी मिळू लागली. थापी धरणाऱ्याची मजुरी एक आणि घमेले वाहणारीची दुसरी, ही रीत आजही बहुतेक बांधकामांवर आहे. गेल्या वर्षी एका ओसरीची मातीची भिंत लिंपावयाची होती, तेव्हा गवंड्याने हात वर केले. माल वाहण्यास आलेल्या एका वृद्ध बाईने पांढरी माती कोठून आणावी ते सांगितले, भुसा स्वतः मळला, आणि दोन दिवसांत सबंध भिंत पंज्याने लिंपून दिली. हिशेबाच्या वेळी ठेकेदाराने तिचे नाव बिगाऱ्यांत लिहिले होते. ते खोडून गवंड्यांत लिहावयास लावण्यासाठी पाऊण तास वाद घालावा लागला.